लिटरमागे नऊ: आंजी ते बोरधरण

हिंगणघाटचे एक गृहस्थ रविवारी आमची गाडी बघायला येणार होते, म्हणून शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन घरातून निघाले. पळून नव्हे. बाबांना सांगून, आईने दिलेला डबा घेऊन, रीतसर निघाले. आमची गाडी एवढं पेट्रोल का पिते, हे मला त्या एका दिवसात शोधून काढायचं होतं. सापडलं तर गाडी राहणार होती. नाही सापडलं तर मी आंजी ते वर्धा आणि वर्धा ते सेलू अशा दोन बसने कामाला जाणार होते. संध्याकाळची शेवटची बॅच आटोपून आंजीला परतायला धड बस नव्हती, त्यामुळे खरं म्हणजे महिन्याभरात ते कामही सुटणार होतं.

ही दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट आहे. सेलूच्या एका संगणक वर्गात मी शिकवत असे. ही नोकरी मला फार मानवली होती. तिच्यात मुलं शिकवणाऱ्याकडे बघत नाहीत, पडद्याकडे बघतात. माझं शाळेचं शिक्षण नागपूरला वसतिगृहात राहून इंग्रजी माध्यमात झालेलं. चारचौघांत आवाज करू नये आणि अनोळखी माणसाला त्रास देऊ नये, या दोन गोष्टी मी तिथून इतक्या पक्क्या शिकून आले की बसमध्ये कंडक्टर माझं तिकीट फाडायला विसरला तर मी उतरेपर्यंत घामाघूम होत असे, पण त्याला हाक मारत नसे. गाडी मिळाल्यावर हे सगळे प्रश्न मिटले. काच वर केली की मी आणि रस्ता.

गाडी बाबांची. एकेकाळी पांढरी. बाबांचं आंजीला बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि किल्ली माझ्याकडे आली. त्यांच्या हातात ती लिटरला चौदा किलोमीटर जायची. माझ्या हातात आल्यावर काही आठवड्यांतच नऊवर आली, आणि तिथेच मुक्काम ठोकून बसली.

"गाडीचंबी वय होते, मिनू," बाबा म्हणाले. "इंजिन थकलं तिचं. पेट्रोल पिऊन राह्यली नुसती. देऊन टाकू."

मी सगळे उपाय करून पाहिले होते. वर्ध्याच्या मिस्त्रीने कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, हवेची जाळी झटकली. ॲव्हरेज नऊ. आमच्या वर्गाच्या मालकांनी पेट्रोलमध्ये भेसळ असेल असं सांगितलं, म्हणून मी पंप बदलला. नऊ. चुलतभावाने टायरमध्ये हवा कमी असल्याचं निदान केलं. हवा भरली, गाडी जरा उंच दिसायला लागली, ॲव्हरेज नऊ. आईचं म्हणणं असं की गाडी अंगणात उन्हात उभी असते तेव्हा पेट्रोल उडून जात असणार. तिने तीन दिवस टाकीच्या बाजूला ओली गोणपाटं टाकली. शेजारच्यांनी गाडीला काय झालं म्हणून विचारपूस केली. मी घरात होते, पण नाही असं सांगायला लावलं.

तर शनिवारचा बेत असा होता. वर्ध्याला टाकी काठोकाठ भरायची, सेलूवरून बोरधरणपर्यंत जायचं, परत सेलूला यायचं आणि तिथल्या पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं मावेल तेवढं गाडी प्यायली. वाटेत थांबून एकेक भाग तपासायचा. हे सगळं मी स्वतःच ठरवलं होतं आणि मला स्वतःचं बरंच कौतुक वाटत होतं.

आंजीहून वर्ध्याकडे येताना दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, शेंगा भरलेल्या. मधल्या वावरांत (शेतांत) कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. थंडी होती. रस्त्यावर कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) लागल्या होत्या, बाजाराचे दिवस होते ते. या बंडीत कापूस असा भरतात की तो चारी बाजूंनी फुगून बाहेर येतो आणि मागून पाहिलं तर बैल, गाडीवान, चाकं काहीच दिसत नाही. एक पांढरी भिंत तेवढी सावकाश पुढे चाललेली असते. मला हे दृश्य चांगलं माहीत आहे. मी ते पुष्कळ पाहिलं आहे.

वर्ध्याच्या पंपावर मी आधीच वाक्य जुळवून ठेवलं होतं. "टाकी काठोकाठ भरा. अगदी वरपर्यंत." पंपावरच्या माणसाने नेहमीप्रमाणे भरून नळी काढली.

"अजून," मी म्हणाले.

"झाली ना फुल्ल, मॅडम."

"काठोकाठ हवी होती."

"कुठं काशीले जाऊन राह्यल्या का?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याला हसू आलं. मी बोरधरण म्हणाले, पण ते इतकं हळू की फक्त मलाच ऐकू आलं. त्याने मात्र मान हलवत टाकी काठोकाठ भरली. पंपासमोरच्या टपरीवर मी आलुबोंडा खाल्ला. आमच्याकडे तो रस्सा घालून खातात. बशीत बोंडा फोडायचा आणि वरून तर्रीचा लाल रस्सा ओतून घ्यायचा. टपरीवाल्याने बोंडा कोरडाच दिला. मला रस्सा हवा होता, पण त्याच्यासमोर बरीच गर्दी होती. मी कोरडा खाल्ला.

पवनारला धाम नदीच्या पुलाअलीकडे गाडी बाजूला घेतली. इथे ब्रेक तपासायचे होते. ब्रेक चाकाला घासत राहिले तर गाडी पेट्रोल खाते आणि चाकाचा मधला भाग तापतो, एवढं मी वाचलं होतं. मी खाली उतरले आणि एका चाकाला हात लावला. मग दुसऱ्या. चारी चाकांना तळवा लावून पाहिला, मग खात्री करायला उलट्या हाताने पाहिला. वर बघते तर सायकलवरचे एक आजोबा पाय टेकून उभे. सायकलच्या मागे दुधाचा कॅन.

"ताप हाय का तिले?" त्यांनी विचारलं.

"नाही. ब्रेक बघत होते."

"मंग?"

"गार आहेत."

"मंग बरं हाय," असं म्हणून ते निघाले. पुढे जाऊन त्यांनी एका ओळखीच्या माणसाला थांबवलं आणि दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नदीत पाणी थोडं होतं, काळ्या खडकांमधून वाट काढत होतं. आश्रमाकडच्या काठावर कोणी धुणं वाळत घातलं होतं. एरवी इथे मी दहा मिनिटं तरी बसते. त्या दिवशी लगेच निघाले.

पवनार सोडलं आणि पुढे एक बंडी आली. मी तिच्या मागे लागले. मागे लागले म्हणजे मागे राहिले. दुसऱ्या गियरमध्ये, बैलांच्या चालीने. समोरून रस्ता मोकळा होता, पण बंडी मधोमध चालली होती आणि गाडीवानाला मी दिसणं शक्य नव्हतं. या वेळी काय करायचं असतं हे मला माहीत होतं. आपल्याकडच्या प्रत्येक ट्रकच्या पाठीवर ते लिहिलेलं असतं, 'आवाज दो.' गाडी हातात आल्यापासूनच्या तीन महिन्यांत मी ते इतक्या ट्रकांच्या मागे राहून वाचलं होतं की कोणत्या पेंटरचा 'आ' कसा वळतो ते मला ओळखू यायला लागलं होतं. पण एखाद्या माणसाच्या पाठीमागे जाऊन एकदम भोंगा वाजवायचा, तोही तो कष्टाने माल घेऊन चालला असताना, हे मला जमण्यासारखं नव्हतं. आमच्या शाळेच्या फाटकावर हॉर्न वाजवणाऱ्या पालकांविषयी आमच्या शिक्षिका काय चेहरा करायच्या, तो मला आठवत असे. म्हणून मी थांबायची. कधीतरी बंडी वळते. कधीतरी रस्ता रुंद होतो. तोवर आजूबाजूचं बघावं. सेलूच्या वाटेवरची केळीची कोणती बाग कोणाची आहे, कोणत्या विहिरीवर इंजिन आहे, कोणत्या बांधावर बोरीचं झाड आहे, हे सगळं मला पाठ झालं ते असं.

बऱ्याच वेळाने बंडी थांबली. गाडीवान कासरा (बैलांचा दोर) अडकवून खाली उतरला आणि माझ्या खिडकीशी आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला दुपट्टा बांधलेला. मी काच अर्धी खाली केली.

"बाई, काही काम होतं का माह्याकडं?"

"नाही."

"पवनारपासून पाहून राह्यलो मी. तुमी मांगंच हा."

"तुमचं चालू द्या," मी म्हणाले.

तो घोटाळला. "कापूस पाह्यचा हाय का? व्यापाऱ्याकडून आल्या?"

"नाही, नाही. मी सेलूला चालले."

"मंग जा ना."

"हो," मी म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग जाऊन बंडीवर बसला आणि बैलांना जरा घाईने हाकायला लागला. अधूनमधून कापसाच्या भिंतीच्या कडेने त्याचं डोकं बाहेर यायचं आणि मी आहे का ते बघून परत आत जायचं. तो मला काय समजला असेल, देव जाणे. मीही अंतर वाढवलं, म्हणजे त्याला पाठलाग वाटायला नको. मग पहिल्या गियरमध्ये आले. सेलूच्या बाजार समितीपाशी तो वळला तेव्हा आम्हा दोघांनाही सुटल्यासारखं झालं.

सेलूपासून हिंगणीकडचा रस्ता अरुंद. तिथे मला आधी एक ट्रॅक्टर मिळाला, ट्रॉलीत कडबा आणि कडब्यावर तीन बाया. मी मागे आहे हे पाहून त्यांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली. काच बंद होती, मला काही ऐकू येत नव्हतं. मी हसून मान हलवत राहिले. कशाकशाला हो म्हणाले कुणास ठाऊक. ट्रॅक्टर वळताना त्यांतली एक हात हलवून काहीतरी नक्की झाल्यासारखं बोलली. मीही हात हलवला. त्यानंतर म्हशी आल्या. म्हशींच्या कळपात गाडी उभी करून बसणं याला मी त्या दिवशी निरीक्षण म्हटलं असतं. एका म्हशीने जाताना बाजूच्या आरशाला पाठ घासली आणि आरसा आतल्या बाजूला वळला. मग बराच वेळ मला मागचा रस्ता न दिसता माझा स्वतःचाच कान दिसत होता.

पण बोरधरणला पोचले आणि सगळा वैताग गेला. हिंगणीच्या पुढे टेकड्या सुरू होतात, सागाची पानं थंडीने तांबूस झालेली. मग एकदम भिंतीपलीकडे पाणी. वर्धा जिल्ह्यात एवढं पाणी एका ठिकाणी पाहायची आपल्याला सवय नसते. पलीकडच्या टेकड्या पाण्यात उलट्या दिसत होत्या आणि मधून एक पाणकावळा मान तेवढी वर काढून चालला होता. भिंतीवर बसून मी डबा उघडला. आईने पोळ्या, ठेचा आणि सांबारवड्या (कोथिंबिरीच्या वड्या, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) दिल्या होत्या. शेजारी एकजण जाळं वाळवत बसला होता. त्याने विचारलं, एकट्याच आल्या? मी हो म्हणाले. तो म्हणाला, मंग सावलीत बसा, तिकडं चांगलं दिसते. एवढंच. मला वाटत होतं तितके प्रश्न लोक विचारत नाहीत, हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं असतं, पण मी वडी खात होते आणि मनात सोमवारची बस होती.

दुपारी सेलूच्या पंपावर टाकी भरली. काठोकाठ. आकडा बघितला, मीटरवरचे किलोमीटर बघितले, भागाकार केला. पुन्हा केला. नऊही पूर्ण नव्हते.

म्हणजे झालं. चाकं गार, हवा बरोबर, प्लग नवे, पंप दुसरा, ऊन नाही. उरलं ते इंजिन. बाबा म्हणाले तेच खरं, थकलं बिचारं. मी पंपाच्या कडेला गाडी लावून स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. हिंगणघाटच्या गृहस्थांना चहाबरोबर काय द्यायचं याचा विचार करत होते, तोच कोणीतरी काचेवर अंगठीने टकटक केली.

या शकुनकाकू. सेलूच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान आहे आणि त्यांचा मुलगा तेव्हा माझ्या वर्गात येत असे. दुकानात गल्ल्यावर यजमान बसतात, पण बोलतात काकू. डोक्यावर पदर, काखेत पिशवी आणि हातात केळीचा अख्खा घड.

"कम्प्युटरवाल्या बाई ना तुमी? आंजीच्या?"

"हो."

"मले आंजीलेच जाचं हाय, ननंदेकडं. बस गेली माह्या समोरून. येऊ का?"

हे विचारत असताना त्यांनी दार उघडलं होतं, घड मागच्या सीटवर झोपवला होता आणि त्या बसल्या होत्या. तासभर शेजारी माणूस, आणि तेही बोलणारं. मी गाडी सुरू केली.

सेलू संपायच्या आत त्यांना माझं शिक्षण, आईचं माहेर आणि माझं लग्न कुठवर आलं हे कळलं होतं. तिसऱ्या प्रश्नावर मी घसा साफ करत होते, तेवढ्यात समोर बंड्या दिसल्या. बाजारात कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या. दोन बंड्या शेजारी-शेजारी, आणि दोघे गाडीवान आपसात गप्पा करत चाललेले. मी दुसरा गियर टाकला आणि मागे राहिले.

काकू बोलत होत्या. मग बोलायच्या थांबल्या.

"काऊन, काय झालं?"

"बंड्या आहेत," मी म्हणाले.

"त्या दिसून राह्यल्या मले. आपण काऊन उभ्या?"

"उभ्या नाही, चाललोय."

काकूंनी बाहेर पाहिलं. कडेने एक कुत्रं चाललं होतं, ते आमच्या पुढे गेलं.

"हॉर्न बिघडला का?"

"नाही."

"मंग वाजव ना वं."

"ते बोलतायत ना, काकू. होतील बाजूला."

"आपसात बोलून राह्यले ते. मले नाई वाटत आज संपेल." आणि पिशवी मांडीवरून न हलवता त्यांनी हात लांब केला आणि माझ्या हाताखालून हॉर्न दाबला. नुसता दाबला नाही, दाबून धरला. मी कानापर्यंत लाल झाले. आता ते दोघे वळणार, बघणार, काहीतरी बोलणार, म्हणून मी खांद्यात मान घालून घेतली.

कोणी वळलं नाही. उजवीकडच्या गाडीवानाने गप्पा न थांबवता कासरा ओढला, बंडी मागे घेतली आणि हाताने पुढे जा अशी खूण केली. रस्ता मोकळा झाला. मी तिसरा गियर टाकला. मग चौथा. पवनारच्या दिशेने गाडी चौथ्या गियरमध्ये चालवायची मला इतकी सवय नव्हती की केळीच्या बागा ओळखू येईनात.

"बैलाले का तुह्या मनातलं समजते?" काकू म्हणाल्या. "सांगा लागते ना. माणूस काय, जनावर काय."

"पण कुणाच्या मागे जाऊन एकदम वाजवायचं म्हणजे..."

"म्हणजे काय? दारावर गेलो तं कडी वाजवत नाई का आपण? का उभी राह्यते दिवसभर?"

मी उभी राहते. मैत्रिणीच्या दारात मी एकदा कडी न वाजवता कोणी बाहेर येईल म्हणून उभी राहिले होते आणि शेवटी दूधवाल्याबरोबर आत गेले होते. हे काकूंना सांगितलं नाही.

पवनारपर्यंत त्यांनी तीन बंड्या, एक टेम्पो आणि खेळून परतणाऱ्या पोरांचा एक घोळका असा बाजूला केला. प्रत्येक वेळी वेगळं वाजवायच्या. बंडीला लांब, टेम्पोला दोन तुटक, पोरांना नुसतं टिचकी मारल्यासारखं. आणि वाजवताना बोलणं चालूच. ननंदेच्या सुनेचं काही तरी बिनसलं होतं, ते सांगत होत्या. पुलावर समोरून ओळखीची जीप आली, तिलाही वाजवलं.

"हिला का वाजवलं?" मी विचारलं. "ती तर आपल्या वाटेत नव्हती."

"ओळखीचा हाय ना तो. काय म्हणन, शकुनबाई पाहून न पाह्यल्यावाणी गेली."

वर्ध्याला आलो तेव्हा मी काकूंना म्हटलं, जरा पंपावर थांबू. आता टाकीत कितीसं मावणार, पण सकाळपासून भागाकाराची सवय लागली होती. सकाळचाच माणूस होता.

"काशी झाली का?" त्याने विचारलं आणि नळी लावली. लगेच थांबला.

"भरा ना," मी म्हणाले.

"झाली."

"अजून असेल. सकाळी काठोकाठ..."

"मॅडम, आता सांडून राह्यलं खाली."

मी उतरून पाहिलं. खरंच सांडत होतं. मीटर पाहिलं, भागाकार केला. पंधरा. चुकलं असेल म्हणून पुन्हा केला. तरी पंधरा. तीच गाडी, तोच रस्ता, तेच पेट्रोल, वर एक माणूस आणि केळीचा घड जास्त. पंपाच्या खांबाजवळ उभी राहून मी सेलूच्या वाटेवरचे सगळे दिवस डोळ्यांपुढे आणले. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये इंजिन धावत असतं आणि चाकं मात्र रांगत असतात. माझी गाडी तीन महिने बैलांच्या पावलांनी चालली होती. ती पेट्रोल पीत नव्हती, मी तिला पाजत होते, मोठ्या अदबीने. मिस्त्रीने धुतलेला कार्बोरेटर, बदललेले प्लग, आईची ओली गोणपाटं. या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागावी की काय असं वाटलं.

वर्धा ते आंजी मी स्वतः वाजवायचं ठरवलं. पहिलं इतकं हळू वाजलं की काकूंनी विचारलं, हात लागला का? दुसऱ्या वेळी समोर बकऱ्या होत्या. बकऱ्यांसमोर मला फारसा संकोच वाटला नाही. तिसरा एक सायकलवाला. तो बाजूला झाल्यावर मी काचेतून त्याला सॉरी म्हणाले. काकू म्हणाल्या, असं प्रत्येकाले म्हणशील तं मंग पेट्रोल वाचन, पण तोंड दुखन.

दिवस कलायच्या आधी आम्ही आंजीला पोचलो. आमच्या गल्लीत वळले तर घराच्या फाटकातच एक मोटारसायकल आडवी लावलेली आणि तिच्यापाशी पाठमोरा उभा एक भरदार माणूस. पलीकडे बाबा, काळा चष्मा लावून. काय ते क्षणात कळलं. हिंगणघाटचे गृहस्थ रविवारऐवजी आजच आले होते. बाबा त्यांना काहीतरी सांगत होते आणि ते मान हलवत होते. सौदा फाटकातच उरकत असावा.

रोजच्यासारखी मी बाहेर थांबले असते. पाहुणे बोलतायत, आटोपू दे, मग गाडी आत घेऊ. तोपर्यंत बाबांनी शब्दही देऊन टाकला असता. काकूंचा हात पुढे आला.

"थांबा काकू," मी म्हणाले. "मी वाजवते."

आणि वाजवला. लांब, बंडीला वाजवतात तसा. गृहस्थ दचकून बाजूला झाले आणि त्यांनी मोटारसायकल ओढली. बाबांना अजून दूरचं नीट दिसत नसे. ते डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघायला लागले.

"कोन हाय?"

"मी आहे, बाबा."

"मिनू?" ते दोन पावलं पुढे आले. "तू कधी वाजवत नाई. मले वाटलं, गाडी कोनी दुसरंच घेऊन आलं."

मी गाडी आत घेतली आणि खाली उतरले. एवढ्या माणसांसमोर एका दमात बोलायचं होतं, म्हणून जमिनीकडे बघून बोलले. "बाबा, पंधरा दिलं. सेलूपासून वर्ध्यापर्यंत. गाडी चांगली आहे."

"पंधरा? मंग बिघाड कायचा होता?"

माझं तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरून केळीचा घड बाहेर काढता काढता काकू म्हणाल्या, "गाडीले काही नाई झालं, भाऊ. पोरगी रस्त्यानं बोलत नव्हती."

बाबांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते हसले नाहीत. गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. शाळेत असताना ते मला न्यायला नागपूरला यायचे तेव्हा फाटकापासून हॉर्न वाजवत यायचे, आणि मी मैत्रिणींमध्ये उभी राहून ते आपले बाबा नाहीत असा चेहरा करायची. मला ते आठवलं. त्यांना काय आठवलं ते मी विचारलं नाही. आमच्या घरात असं विचारत नाहीत.

"बसा, चहा घ्या," ते हिंगणघाटच्या गृहस्थांना म्हणाले. "गाडी मातर आता नाई देत. पोरीले जाचं असते सेलूले."

गृहस्थांनी चहा घेतला. जाताना आईने त्यांना काकूंच्या घडातली केळी दिली आणि ती काकूंनी आनंदाने देऊ दिली. "एवढा हॉर्न वाजवून बाजूले केलं," ते मोटारसायकल सुरू करता करता म्हणाले, "आन् केळं देऊन वापस पाठवलं." त्यांच्याकडे बघून मला हसू आलं, आणि ते त्यांनी पाहिलं तरी मी तोंड फिरवलं नाही.

प्रवास करून आलेली माणसं नवीन मुलूख पाहिल्याचं सांगतात. माझा सगळा रस्ता आधीच पाहिलेला होता, कुणी पाहू नये इतका बारकाईने. पाहिलं नव्हतं ते एवढंच, की त्या रस्त्यावर मीही असते. सोमवारी पवनारच्या पुढे पुन्हा एक बंडी लागली, कापसाने भरलेली, मधोमध. मी थोडा वेळ मागे राहिले, सवयीने. मग वाजवलं. बंडी कडेला गेली, भिंतीच्या बाजूने एक हात बाहेर आला आणि पुढे जा म्हणून हलला. मी पुढे गेले. गाडीवान समोर बघत विडी पेटवत होता. तो गाडी बघत नव्हता आणि गाडीत कोण आहे हेही बघत नव्हता. कोणीच बघत नव्हतं.